दुसऱ्या रांगेतलं खाकरणं

कादर,

शुक्रवारी तुझी शोकसभा झाली आणि ज्या वाक्याची तुला धास्ती होती ते वाक्य म्हटलं गेलंच. मौलानासाहेबांनी डोळे मिटले, हात वर केला आणि सुरात सांगितलं, हदीस आहे, आलिमाचा मृत्यू म्हणजे आलमचा मृत्यू. एक विद्वान जातो तेव्हा सारं जग मरतं. अशा वेळी उठून ‘हे कुणाकडून आलं’ अशी सनद विचारायची, असं मी तुला कबूल केलं होतं. मी उठलो नाही. त्यानंतर जे झालं ते लिहायला बसलो आहे, कारण आपल्या गल्लीत त्या प्रसंगाला आताच पाय फुटलेत. तू असतास तर एकेक पाय मोजून कापला असतास.

सभेचं पोस्टर तुला आवडलं नसतं. तुझ्या नावाआधी पदव्या होत्या, त्यातली एकही तुला हयातीत कुणी दिली नव्हती. मौलानासाहेबांच्या नावाआधी त्याहून जास्त होत्या, म्हणून मयत तू असूनही नाव त्यांचं मोठं आलं. तुझं खाली, अत्तराच्या दुकानाच्या जाहिरातीला टेकून.

काही गोष्टी तुला ठाऊक असल्या तरी पुन्हा सांगतो, कारण हे इतरही वाचतील. आपलं गाव एक, खाडी एक, आणि नोकरीही एकाच शाळेत, अंधेरीला. तू अरबी शिकवायचास, मी मराठी. दोन्ही विषय पोरांना सारखेच नकोसे, त्यामुळे आपल्यात स्पर्धा नव्हती. जोगेश्वरीच्या आपल्या मशिदीत जुम्म्याचं बयान, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, तू करायचास. मी यायचो तो निम्मा सवयीनं आणि निम्मा तुझ्यासाठी. बाकीच्या निम्म्याचं काय, असं तू विचारायचास. दोन निम्म्यांनी पूर्ण होतं, हे अरबीच्या मास्तरला शिकवावं लागायचं.

खरं सांगू, तुझं बयान रटाळ असायचं. हदीस सांगितलीस की लगेच तिची सनद, म्हणजे हुजूरांचं, पैगंबरसाहेबांचं, ते बोलणं कुणी ऐकलं, त्याच्याकडून कुणी, त्याच्याकडून कुणी, ती माणसांची साखळी. मग त्यातला कोण भरवशाचा, कोण विसराळू, आणि शेवटी निकाल: पक्की, कच्ची की बनावट. लोक घड्याळ बघायचे. त्यांना जन्नतीतल्या नद्या हव्या असायच्या आणि तू त्यांना नदीची नोंद दाखवत बसायचास.

मी एकदा म्हटलं होतं, "कादर, हजार-बाराशे वर्षांपूर्वीची माणसं. ती खरं बोलत होती की खोटं, तुला जोगेश्वरीत बसून काय कळणार?"

तू चहा बशीत ओतलास. "साकीनाक्याला कारखान्यात कुणाचं बोट कापलं तर जोगेश्वरीला बातमी पोचेस्तोवर कोपरापासून हात गेलेला असतो. बरोबर?"

"बरोबर."

"मग जोगेश्वरीतून उलटं चालत जायचं. माणसामागून माणूस. बोटाचा हात नेमका कुणापाशी झाला ते बघायचं. हेच माझं शास्त्र. यात न कळण्यासारखं काय आहे रे?"

मला ती उपमा वाटली होती. दंगलीच्या त्या उन्हाळ्यात कळलं की तू तिला कामाची पद्धत समजत होतास.

त्या दिवशी सकाळी मी तुझ्याकडे आलो तर भाबी भरलेले हंडे गटारात ओतत होती. टाकीत विष टाकलंय म्हणे. गल्लीतल्या सगळ्या दारांतून पाणी वाहत होतं आणि त्याच गल्लीत पाण्यासाठी एरवी डोकी फुटतात.

"कुणी सांगितलं?" तू विचारलंस.

"समोरच्या खातूननं."

"तिला कुणी?"

"अहो, विष हाय पाण्यात आन् तुमाला सनद पाहिजे?"

"आताच पाहिजे."

आणि तू चपला घातल्यास. खातूनला दूधवाल्यानं सांगितलं होतं. दूधवाल्याला शिंप्यानं. शिंप्यानं ऐकलं होतं कोपऱ्यावरच्या बेकरीत. कर्फ्यू कधी लागेल याचा नेम नाही, दुकानांच्या फळ्या अर्ध्या ओढलेल्या, लोक कोपऱ्याकोपऱ्यावर घोळक्यानं उभे, कुणाकुणाच्या हातात काय होतं ते मी बघून न बघितल्यासारखं केलं. आणि तू प्रत्येकाला सलाम करून शांतपणे विचारत होतास, तू स्वतः पाहिलंस की ऐकलंस? मला तुझी लाज वाटत होती आणि भीतीही. तुझ्यामागून मी चालत होतो ते मैत्रीपायी. शास्त्रापायी नक्कीच नव्हे.

बेकरीच्या दारात गायकवाड भेटला. पलीकडच्या बुद्धविहाराच्या गल्लीतला, साकीनाक्याला फिटर. तोही उलटा चालत तिथवर आला होता. शास्त्र त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोनं हंडे ओतले म्हणून तो वैतागला होता.

"मौलवी, आमच्याकडे म्हणतात तुमच्या लोकांनी टाकलं."

"आमच्याकडे म्हणतात तुमच्या."

"म्हणजे दोघांनी मिळून टाकलं," गायकवाड म्हणाला. "चला, एका कामात तरी एकी झाली."

दोन्ही सनदा त्या बेकरीत येऊन मिळाल्या होत्या. बेकरीवाला घाबरून सांगत होता, एक जण आला, पाव घेतला, बोलला आणि गेला. कोण? माहीत नाही. हातात छत्री होती. उन्हाळ्यात छत्री? म्हणून तर लक्षात राहिली, साहेब.

तू माझ्याकडे वळून म्हणालास, "रावीच, सांगणाराच, अनोळखी. सनद तुटली." तुझ्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला तुला चिमटा काढावासा वाटला.

"म्हणजे खोटं ना?" गायकवाड म्हणाला. "जाऊन सांगतो."

"खोटं आहे असं मी म्हटलं नाही. सनद तुटली याचा अर्थ बातमी खोटी असा होत नाही. खरी मानायला आधार नाही, एवढंच."

"अरे मौलवी! पोरं तहानेनं रडतायत तिकडं. पाणी प्यायचं की नाही, तेवढं एक बोल ना यार!"

आणि तू खरोखर विचार करायला लागलास. गायकवाडनं तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बेकरीबाहेरचा, त्याच टाकीवरचा नळ सोडला आणि ओंजळीनं घटाघटा पाणी प्याला. मिशा पुसून म्हणाला, "मेलो तर लावा साखळी." मग तू प्यालास. मग मी, तुम्हा दोघांना काही होत नाही ना ते थोडा वेळ बघून.

संध्याकाळपर्यंत तुम्ही दोघं दोन्ही गल्ल्यांत फिरलात. तू सगळीकडे एकच हदीस सांगितलीस, तीही सनदीशिवाय, घाईत: ऐकलेलं सगळं सांगत सुटणं, एवढं माणसाला खोटारडा ठरायला पुरे. गायकवाड पुढे जोडायचा, "आणि हा पाणी पिऊन आलाय, मी बघितलं." शेजारच्या वस्त्या त्या आठवड्यात पेटल्या. आपल्या त्या दोन गल्ल्यांत पाण्यावरून कुणी कुणावर हात उचलला नाही. हे मी पाहिलं आहे. ऐकलेलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर तू नायक ठरला असतास आणि हा लेख सोपा झाला असता. पण पुढच्या रविवारी पालिकेच्या शाळेच्या पटांगणात शांतता सभा झाली.

मांडव, सतरंज्या, पोलिसांच्या घडीच्या खुर्च्या, पांढऱ्या कबुतराचं चित्र. ते कबुतर कुणी काढलं होतं कोण जाणे, कोंबडीवर गेलं होतं. पहिल्यांदा तुला बोलावलं. सगळ्यांना तुझ्याकडून एकच गोष्ट हवी होती आणि नगरसेवकांनी ती माइकवरून मागितलीच: "मौलवीसाहेब, ती म्हातारीची गोष्ट सांगा."

ती गोष्ट मुंबईत कुणाला माहीत नाही? एक म्हातारी रोज पैगंबरसाहेबांच्या अंगावर कचरा टाकायची. एक दिवस कचरा पडला नाही. त्यांनी चौकशी केली, ती आजारी निघाली, ते तिला बघायला गेले. म्हातारी रडली. मी ती गोष्ट शाळेत पोरांना सांगितली होती. माझ्या आईनं मला सांगितली होती. सभेत आलेल्या निम्म्या हिंदू-बौद्ध मंडळींनाही ती पाठ होती आणि ती तुझ्या तोंडून ऐकायला ते आले होते.

तू माइकपाशी उभा राहिलास आणि म्हणालास, "ही गोष्ट मला कुठल्याही सनदीनिशी सापडलेली नाही. त्यामुळे हुजूरांच्या नावावर ती मी सांगू शकत नाही."

माइकनं शिट्टी मारली. एक हवालदार चघळायचा थांबला. माझ्या मागे कुणीतरी हळूच विचारलं, "म्हणजे ते गेलेच नव्हते भेटायला?" त्या प्रश्नाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

तुझ्या हातातून माइक मौलानासाहेबांनी घेतला. ते तेव्हा नवे होते, अजून दोन-तीन पदव्यांवरच होते. त्यांनी गोष्ट सांगितली. तिला तापही चढवला, तिच्या पायाशी एक मांजरही बसवलं. गायकवाडच्या गल्लीतल्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या, आपले लोक रडत होते, सभा संपल्यावर माणसं गळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी दोन्ही गल्ल्यांतली दुकानं उघडली.

घरी जाताना आपलं जे भांडण झालं ते कधी मिटलं नाही.

"उघडली की नाही दुकानं?" हे मी तुला नंतर कितीदा ऐकवलं. "लागू पडलं की नाही औषध?"

"औषध चांगलं असेल. त्याच्या चिठ्ठीवर भलत्या डॉक्टरची सही कशाला? म्हातारीची गोष्ट म्हणून सांगा. माझ्या आईनं सांगितली म्हणून सांगा. त्यांचं नाव घेऊन सांगू नका."

"नावामुळेच तर लोक रडले!"

"विषाच्या बातमीतही लोक ओरडत होतेच ना? त्या बातमीला मी विचारलं, कुणाकडून आलीस. हिला विचारू नको म्हणतोस, कारण ही गोड आहे. मग उद्या कडू बातमीला कुठल्या तोंडानं विचारू?"

हे बिनतोड होतं. आजही आहे. तरीही त्या दिवशी तू चुकलास असं मला आजही वाटतं. माणसं जळत असताना विहिरीच्या मालकीचा कागद मागू नये. तू म्हणायचास की मी उपमा देतो, युक्तिवाद करत नाही. असेल. मी मराठीचा मास्तर.

एकदा मी चिडून म्हटलं, "त्यांच्या क्षमेच्या पक्क्या हदीसा थोड्या आहेत का? त्यातली एखादी सांगायची."

तू म्हणालास, "सांगणारच होतो. माइक कुणी दिला?"

कादर, तू कोणती सांगणार होतास? हे मी तुला विचारायला हवं होतं. वर्षानुवर्षं एका बाकड्यावर बसून आपण चहा प्यालो आणि मी दर वेळी तुझ्या नकाराशी भांडलो. जे सांगायला तू उभा राहिला होतास ते विचारलंच नाही.

महिन्याभरात मशिदीच्या विश्वस्तांनी तुला आराम करायला सांगितलं. फार अदबीनं. तब्येत सांभाळा, शाळा असते, दगदग होते. जुम्म्याचं बयान मौलानासाहेबांकडे गेलं आणि तू दुसऱ्या रांगेत खांबापाशी येऊन बसलास. तुझं तोंड बंद केलं, असं त्यांना वाटलं. घसा राहिलाच होता.

बयानात सनद नसलेली हदीस आली की तू खाकरायचास. साधं खाकरणं म्हणजे कच्ची. खाकरून टोपी काढलीस आणि पुन्हा डोक्यावर ठेवलीस म्हणजे बनावट. पहिल्या दोन-चार जुम्म्यांत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सगळी जमात शिकली. पोरं तुझ्या टोपीकडे डोळे लावून बसायची. ज्ञानासाठी चीनला जावं लागलं तरी जा, असं मौलानासाहेब म्हणाले तेव्हा तू टोपी इतक्या वेळा काढून घातलीस की मागच्या एकानं विचारलं, चाचा, गरम होतंय का? मौलानासाहेब बिचारे वाक्य अर्धं बोलून तुझ्याकडे बघायचे. हळूहळू त्यांची बयानं आखूड झाली, आणि मला म्हणशील तर बरी झाली. हे त्यांनी कधी मान्य केलं नसतं. तू तर त्याचं श्रेय घेण्याइतका गर्विष्ठ होतासच. तू नम्र होतास असं शोकसभेत तिघांनी सांगितलं. तेव्हाही कुणीतरी खाकरायला हवं होतं.

मग तुला खरा खोकला झाला. मशिदीत कुणाला ते कळेना. मौलानासाहेब साधं "बंधूंनो" म्हणाले तरी तू खोकायचास आणि ते घाबरून पुढचं विसरायचे. मी हसायचो. एका जुम्म्याला तू रुमाल तोंडावरून काढलास आणि पटकन मुठीत लपवलास. त्यानंतर मी हसलो नाही.

इस्पितळात तू तो विषय काढलास. भाबी खिडकीपाशी मोसंबं सोलत होती.

"आलिमाची मौत, आलमची मौत," तू म्हणालास. "माझ्या मागं कुणी ना कुणी हे म्हणणारच. हदीस म्हणून म्हणेल. तू उठायचं आणि सनद मागायची."

"मी? मला कोण विचारतो मशिदीत?"

"म्हणून तर तू. तुझं काय जाणार आहे? तुला ना बयान, ना इमामत."

"आणि वाक्य चांगलं आहे रे. तुझ्याबद्दल असेल तर मला चालेल."

"तुला चालेल म्हणून ते हुजूरांचं होत नाही," तू म्हणालास, आणि मग दम लागून मागे उशीला टेकलास. मी हो म्हटलं. माणूस अशा वेळी कशालाही हो म्हणतो. भाबीनं मोसंब्याची फोड तुझ्या हातात दिली आणि माझ्याकडे बघितलं.

तर शुक्रवार. हॉल भरलेला, लोबान जळत होता, बायका पडद्याआड. मौलानासाहेबांनी तुझी स्तुती चांगली केली. मनापासून केली असं मला वाटलं; डोक्यावरचा काटा निघाल्यावर माणूस उदार होतो, पण त्यांचे डोळे खरंच ओले होते. मग ते वाक्य आलं. मी एक गुडघा उचलला. समोर तुझी म्हातारी बहीण पडद्याच्या कडेशी बसली होती. सारं जग मेलं हे ऐकून तिनं मान हलवली, जणू इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी नेमका आकडा सांगितला. मी तिच्याकडे बघितलं आणि गुडघा तसाच राहिला.

तेवढ्यात पडद्याआडून कुणीतरी खाकरलं.

मोठ्यानं नाही. एकदाच. मौलानासाहेबांचा हात हवेत थांबला. सगळ्या हॉलनं दुसऱ्या रांगेतल्या खांबाकडे बघितलं, तिथं आता एक अनोळखी पाहुणा बसला होता आणि तो ओशाळला. मौलानासाहेबांनी हात खाली घेतला आणि ते म्हणाले, "हदीस... म्हणजे, बुजुर्ग लोक असं म्हणतात." आणि पुढे गेले.

बस. एवढंच झालं. मी गुडघा खाली टेकवला आणि पायाला मुंग्या आल्यासारखं केलं.

काल गायकवाड भेटला. म्हणाला, "मास्तर, ऐकलं ते खरं का? मौलवी बोलला म्हणे पडद्यामागून? मौलाना चक्कर येऊन पडले?" मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाला, कारखान्यात. कारखान्यात कुणी? गायकवाड थांबला. चार दिवसांत बोटाचा हात झाला होता, तोही उलट्या दिशेनं, जोगेश्वरीहून साकीनाक्याला.

म्हणून मी चपला घातल्या आणि तुझ्या घरी गेलो. उलटं चालत जायचं म्हणालास ना. जास्त चालावं लागलं नाही.

"भाबी," मी म्हटलं, "शुक्रवारी खाकरलं ते कोण?"

"मी."

"का?"

भाबीनं माझ्यापुढे पाणी ठेवलं. "लोबानचा धूर किती व्हता, हमीदभाई. घशात गेला."

मला ते नको होतं. मला हवं होतं ते तिनं म्हणावं म्हणून मी थोडा वेळ बसून राहिलो. तिला सगळं ठाऊक होतं, मोसंबं सोलताना तिनं ऐकलं होतं, मी उठत नाही हे तिनं पडद्याच्या फटीतून बघितलं आणि तुझं काम तिनं केलं: किती सुरेख गोष्ट होते. सभेत सांगितली तर बाया पदरानं डोळे पुसतील. फक्त एवढंच, की ती म्हणाली धूर.

मी पाणी प्यालो आणि उठलो. दाराशी वळून बघितलं तर भाबीनं डोक्यावरचा पदर पुरा खाली घेतला आणि पुन्हा नीट डोक्यावर ठेवला.

बायका पदर दिवसभर सारखा करतात. यावरून मी काही सिद्ध करत नाही. पाहिलं तेवढं लिहिलं. पाहणारा मी एकटा, उतारवयाचा, चष्मा लावणारा आणि तुझा दोस्त, म्हणजे तुझ्याच नियमानं पक्षपाती. ही बातमी कच्ची समज. पण कादर, सनद माझ्यापाशी तुटते, एवढ्यावरून ती खोटी ठरवू नकोस.